जाळ्यातली एक गाठ

गिरसू, पाथरवट आळी

अकल्ला दाजींना उरनिगारचा नमस्कार.

शत्रूच्या उम्मा शहरात पत्र धाडणाऱ्याचा इथे हात तोडतात. तरी पत्र कोरायला ओल्या मातीची पाटी पुढ्यात घेऊन बसलोय, कारण मी तुमचा अपराध केलाय.

आमचे लगाशचे महाराज तुमच्या उम्माशी झालेली लढाई जिंकले. विजयाचा दगड कोरायचं काम माझ्याकडे आलं. देवाच्या हातात जाळं आणि जाळ्यात उम्माची माणसं. पहिला चेहरा कोरायला घेतला आणि हात अडला. उम्मातलं मी तुमच्याशिवाय ओळखतो कुणाला? शेवटी तुमचंच वाकडं नाक दगडात उतरलं. महाराज खूश! म्हणाले, "वा, शत्रू असावा तर असा!" आता येणारा-जाणारा त्याच्यावर थुंकतो.

आठवतं, सीमेवरचा पाण्याचा पाट पूर्वी दोन्ही गावांचा होता. तुम्ही माझ्या ताईला मागणी घालायला आलात आणि मलाच मासे धरायला घेऊन गेलात. एका घड्यात दोन नळ्या घालून आपण जवाची दारू प्यायलो. मी जाळं विणत होतो. शेवटची गाठ मारायला गेलो तर ओरडलात, "अरे अधाशी मेव्हण्या, एक गाठ सोडायची असते! पाटाच्या देवीचा मासा सुटायला नको का?"

ताई कशी आहे, हे विचारायचा धीर होत नाही.

ही माती मी पुन्हा पाण्यात कालवून टाकणार. पण दाजी, दगडावरचं ते जाळं अजून कुणी नीट बघितलेलं नाही. तुमच्या डोक्यावरची एक गाठ मी कोरलेलीच नाही.

तुमचा,
अधाशी मेव्हणा