आत्याबाईंचं लहानपण

२ नोव्हेंबर, मंगळवार

मानवजातीवर झालेल्या अन्यायांचा इतिहास कोणी लिहायला घेतलाच, तर त्यातलं एक प्रकरण माझ्यासाठी राखून ठेवावं. ज्या घरात पावलोपावली खुर्च्या मांडल्या आहेत, त्या घरात दिवसभर उभं राहायची नोकरी मी पत्करली आहे. प्रत्येक खुर्चीच्या दोन हातांमध्ये लाल दोरी. तिचा अर्थ असा की डॉक्टर बसायचे, तुम्ही बसू नका. डॉक्टरांना जाऊन जमाना झाला, पण त्यांचा बसायचा हक्क अबाधित आहे. माझे गुडघे मात्र पन्नाशीतच इतिहासजमा व्हायला निघालेत.

बाकी मजेत. वर्तमानपत्रातलं माझं विनोदी सदर बंद पडलं, तेव्हा आता शेजाऱ्यांवरच भागवावं लागणार असं वाटलं होतं. पण इथल्या इतिहास मंडळाला हे घर लोकांना हिंडून दाखवायला माणूस हवा होता, आणि बोलण्याचे पैसे मिळतात म्हटल्यावर मी धावतच आलो. गावातले पहिले डॉक्टर इथे राहायचे. खाली दवाखाना, काचेच्या कपाटात बाटल्या, जेवणाच्या टेबलावर मेणाची फळं. जिन्यात कुटुंबाचा फोटो: डॉक्टर, त्यांची बायको, दोन मुलगे, सगळे दाढ दुखत असल्यासारखे. वर निजायच्या खोल्या, आणि टोकाला चादरी-अभ्र्यांची खोली, तिला बाहेरून कडी. मंडळाच्या चिटणीसबाई निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. कशालाही हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. तोंड आवरायला सांगायचं तेवढं त्या विसरल्या.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टर भला माणूस होता, आणि भल्या माणसाच्या घराइतकं कंटाळवाणं घर दुसरं नसतं. लोकांची पडशी बरी केली, गुलाब लावले, वेळेवर झोपला. पाहुणे जांभया देतात. आज एकानं मधेच विचारलं, बाहेर पडायचं दार कुठलं.

हे लागलं मला. तेव्हा पुढच्या घोळक्यासमोर मी डॉक्टरांना एक बहीण देऊन टाकली. बिनलग्नाची, कजाग, मुलांची आत्याबाई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, हातात काठी, उजव्या पायानं लंगडी. घरात कोणी मोठ्यानं हसलं की त्याला चादरींच्या खोलीत कोंडायची. वर नेऊन कडी दाखवली, तर एक बाई चक्क शहारली. जाताना लोकांनी माझे हात हातात घेतले. खोट्याला पाय नसतात म्हणतात. माझं लंगडत का होईना, चाललं.

९ नोव्हेंबर, मंगळवार

गर्दी वाढली आहे. आज एक म्हातारेबुवा शेवटपर्यंत थांबले आणि हळूच म्हणाले, लंगडा पाय डावा हो, उजवा नव्हे. त्यांची आई म्हणे आत्याबाईंच्या हाताखाली स्वयंपाकाला होती. मी मनातल्या मनात दंडवत घातला. आपल्यालाही गुरू भेटतो एखादा.

गंमत म्हणून चिटणीसबाईंना सांगायला गेलो. त्या हसल्या नाहीत. डावाच, म्हणाल्या, घर दाखवता आणि तुम्हाला एवढंही ठाऊक नाही?

खुलासा करणार होतो. केला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचं काही दिसेना.

११ नोव्हेंबर, गुरुवार

फोटोत ती आहे.

डॉक्टरांच्या मागे, जिथे काल नुसता पडदा होता तिथे. जुडग्यातली किल्ली न् किल्ली स्पष्ट. काठीची मूठ स्पष्ट. चेहऱ्याच्या जागी मात्र मळून ठेवलेल्या कणकेसारखं गुळगुळीत काहीतरी. नाक नाही, डोळे नाहीत.

मग उमगलं. चेहऱ्याबद्दल मी काही बोललोच नव्हतो.

१३ नोव्हेंबर, शनिवार

आज खरं सांगून टाकलं. सगळ्यांसमोर. डॉक्टरांना बहीण नव्हती, ही माझी थाप. लोक खो-खो हसले, त्यांना तोही विनोदच वाटला. तेवढ्यात वरच्या मजल्यावर काठी आपटली. मग किल्ल्या. एकेक पाऊल, मधे एक पाय ओढत. कोणीतरी पुटपुटलं, आत्याबाई रागावल्या.

नोकरी सोडतो. पण ताईचा फोन आला, माझी थोरली बहीण. उद्या परस्पर इथेच येतेय. येऊ नकोस म्हटलं, कारण सांगता येईना. ताई हसली की दोन गल्ल्यांपलीकडे कळतं. तिला दारातच अडवायचं.

१४ नोव्हेंबर, रविवार. दुपार

अडवता आलं नाही. मी दवाखान्यात होतो, ती घोळक्यातून थेट आत — मेणाची फळं बघितली आणि हसली. ते तिचं हसणं. धावलो. जेवणघर रिकामं. वर कडी पडली.

कडीला कुलूप नाही, तरी हलत नाही. खांदा लावून पाहिला. चिटणीसबाई आल्या, बघितलं, म्हणाल्या आत्याबाई सोडतील तेव्हा सुटेल, आणि खाली निघून गेल्या.

आतून ताई हळू आवाजात बोलली.

“ढब्या, ही रागावलेली नाही रे. हिला तोंड नाही, तरी बोलतेय. मी लहान असताना कशी होते, असं विचारतेय सारखी.”

खरंच की. काठी दिली, किल्ल्या दिल्या, राग दिला. लहानपण दिलंच नव्हतं.

दाराला तोंड लावून सांगायला लागलो. घाईत दुसरं सुचेना, ताईचंच सांगितलं — भिंतीवरून पडली, पुढचा दात तुटला, त्या फटीतून शिट्टी वाजवायची, आई ओरडायची —

कडी उठली.

नंतर

ताई बाहेर आली. धडधाकट. दात अख्खा. भिंतीचं विचारलं तर म्हणाली, कुठली भिंत? हसवून पाहिलं. ओठ नुसते हलले.

आत, चादरींच्या मधे, त्या कणकेला तोंड फुटलेलं. पुढचा दात तुटका. शिट्टी —

ताईला खाली पाठवलं. मी आत आलो. दार लागलं.

थाप माझी, भुर्दंड ताईला का? आत्याबाईंना म्हटलं, ते चुकून सांगितलं, ते परत करा. माझं घ्या. त्यांनी मान डोलावली. देतोय. दिलेलं लिहून ठेवतोय, म्हणजे —

तापात वडील खांद्यावर घेऊन फिरायचे, ते दिलं. पुढे, म्हणाल्या.

आईच्या हातांना साबणाचा वास. पुढे.

शाळेच्या वाटेवरचं कुत्रं, डब्यातलं त्याला द्यायचो. नाव होतं त्याला, मीच ठेवलेलं — काय बरं — पुढे, म्हणतायत. त्या कणकेला डोळे फुटले. चेहरा वाईट नाही दिसत.

पावसात गळणारी खोली, एका पांघरुणात आम्ही दोघं — दोघं कोण — पुढे —

खाली कोणी बाई हसतेय. मोठ्यानं, मनापासून. आता हाका मारतेय. ढब्या, ढब्या. कोणाचं तरी पोर हरवलं वाटतं. सांगायला हवं तिला, इथे ढब्या म्हणून कोणी —