देवकाबाईची लाडकी

१४ जुलै १९८६
आजपासून कोणावर जळणार नाई. आरमोरीच्या या शाळेत घंटा मी देते, पाणी मी भरते, देवकाबाईचा चहा मीच करते. अन बाई भर वर्गात बिस्कुट कोणाले देतात? पाचवीतल्या सत्यशीलाले. तिले म्हणे शुगर हाये, रोज सुई घेते. साखरेच्या बिमारीले साखरेचं बिस्कुट. मी चौथीच शिकली, पण एवढं समजते.

१६ जुलै
जळली. बाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मले ताप होता तवा म्हणल्या, गोकुळा, चहा पातळ झाला.
सांगून टाकलं, पोरगी सोंग करते. बाई म्हणल्या, सुईनं तिची साखर उतरते, मंग घाम सुटते, हात कापते. तवा लगेच गोड द्या लागते, ध्यानात ठेव.
ठेवलं. हात माह्येही कापतात.

१८ जुलै
दवाखान्यात गेली. म्हटलं आपल्यालेही शुगर निघन. कंपाउंडरनं लघवी निळ्या दवाईत उकळवली. निळीच रायली. म्हणला, काकू, तुमी ठणठणीत हा. त्याले काई येत नाई.

२१ जुलै
बाई गडचिरोलीले ट्रेनिंगले गेल्या. हेडसरच्या कानावर घातलं, पाचवीतले पोरं बिस्कुट पाहून लाळ गाळतात. सर म्हणले, बरोबर हाये, नियम सगळ्याइले एक. वर्गात खाणं बंद. माह्यामुळं शाळेले शिस्त लागली.

२३ जुलै
सत्यशीला वर्गातून उठून आली. म्हणे मावशी, हात कापून राह्यले, सर खाऊ देत नाई, घंटा लवकर दे ना. म्हटलं, घंटा टायमावर होते, जाय बस. घामानं भिजली होती. गरमी होतीच तशी.
घंटा टायमावर देली. सगळे पोरं बाहेर आले, ती बाकावरून उठलीच नाई. सर म्हणले, झोपली असन. झोपली नव्हती. उचलून दवाखान्यात नेली. डॉक्टरनं शिरेतून साखर देली म्हणे.
साखरच.

२४ जुलै
पोरगी शुद्धीवर आली, बोलून राह्यली. हेडसर ज्याले त्याले सांगतात, गोकुळानं तक्रार केली म्हणून नियम केला. उद्या बाई येतीन. त्याइले नीट समजावून सांगीन. बाई माह्यं ऐकतात.

२५ जुलै, संध्याकाळ
बाई माह्या घरी आल्या. इतक्या वर्सात पयल्यांदा. मी सतरंजी टाकली, म्हटलं बसा. दारातच उभ्या रायल्या. एकच विचारलं, पोरीनं तुले सांगतलं होतं का?
म्हटलं, हो.
गेल्या. घाईत असतीन. चपलाही काढल्या नव्हत्या.