रेघेतली थरथर खरी आहे

प्रिय थोबाडे,

चष्मा लाव आणि सावकाश वाच. मध्येच मान वर करून खिडकीबाहेर बघत बसू नकोस. एकतीस वर्षं तुझ्या शेजारच्या शिडीवर उभा होतो, तुझं लक्ष किती वेळ टिकतं ते मला पाठ आहे. अर्धा चेहरा रंगवून झाला की तुझी नजर रस्त्यावर, आणि मग त्या बिचाऱ्या दुकानदाराचा एक कान वर, एक खाली. थोबाडे हे नाव मी तुला उगाच ठेवलं नव्हतं. तू मला फुटपट्टी म्हणायचास, तेही खोटं नव्हतं. बोर्डावर चेहरे तुझे आणि अक्षरं माझी, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. दोरी न मारता, पेन्सिल न लावता मी नावाची वरची रेघ एका दमात ओढायचो आणि खाली उभे असलेले लोक डोळा बारीक करून ती कुठे वाकते ते शोधायचे. वाकायची नाही. आपलं भांडण होऊन आता नऊ वर्षं झाली. मधे एकदाच भेटलो, वहिनी गेल्या तेव्हा, आणि तेव्हाही तू हवापाण्याचं बोललास. शेवटी आणखी एक वाक्य बोललास, त्याच्याकडे नंतर येतो.

मी राहतो त्या जागेला वृद्धाश्रम म्हणायचं नाही. ज्येष्ठ निवास म्हणायचं. इथे कुणी म्हातारा नाही, कुणी आजारी नाही, आणि कुणी मेलं तर 'आपल्यातून गेले' असं फळ्यावर लिहितात. दुसऱ्या दिवशी त्याच फळ्यावर नाश्त्याला काय आहे ते असतं. माझ्यासारख्या सडाफटिंगाला तक्रार करायला जागा नाही. खोली स्वच्छ आहे, पलंगाला कठडा आहे, उशाशी घंटीचं बटण आहे, खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते. सगळा कारभार एका बाईंच्या हातात. आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्याला काहीतरी बक्षीस लागलंय. आम्ही त्यांना साखरबाई म्हणतो, अर्थात पाठीमागे. बाई वाईट नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या तब्येतीची त्यांना काळजी असते, आणि रोज सकाळी आठला त्या स्वतः तिन्ही मजले फिरतात.

गेल्या वर्षी इथली लिफ्ट बंद पडली, ती कायमचीच. तिसऱ्या मजल्यावर चौदाजण आहेत, त्यातल्या एकालाही जिना झेपत नाही. नव्या लिफ्टसाठी निधी उभारायचा म्हणून साखरबाईंनी युक्ती काढली. पांढरे कप आणायचे, त्यावर आमच्यापैकी कुणीतरी हाताने नाव रंगवायचं, आणि भेटवस्तू म्हणून विकायचे. काही नेहमीची नावं रंगवून मांडायची, बाकीची गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे. नातवाचं नाव, नव्या सुनेचं नाव, ऑफिसातल्या साहेबाचं नाव. कपाच्या कानाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, 'हा कप एका आजोबांनी स्वतःच्या हाताने रंगवला आहे.' आजोबा कोण ते सांगायला नको. दिवाणखान्यात खिडकीजवळ मला टेबल मिळालं, रंग मिळाले, बारीक ब्रश मिळाले. नऊ वर्षांनी मी ब्रश हातात धरला, थोबाडे, आणि मला रडू आलं.

माझा हात कापतो हे तुला ठाऊक आहे. तुझ्याइतकं आधीपासून ते दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. आता त्यावर गोळी आहे, दिवसातून तीनदा. सकाळी सातला पहिली घेतली की आठपर्यंत हात माझा होतो, मग मी हवी तशी सरळ रेघ ओढतो. पहिले साठ कप मी असेच रंगवले, एकेक नाव छापल्यासारखं. विक्रीला मांडले तर लोक उचलून बघायचे आणि परत ठेवायचे. एका बाईंनी तर तोंडावर सांगितलं की हे मशीनवर छापून आणलंय, आजोबांच्या नावावर आम्हाला गंडवू नका. आपला धंदा बसायला लागला तेव्हा गिऱ्हाइकं म्हणायची की मशीनइतकं सरळ हाताला जमत नाही. आता जमलं तर तेही नको. मग एका आठवड्यात औषधांचं खोकं दोन दिवस उशिरा आलं. त्या दोन दिवसांत मी वीस कप रंगवले. रेघ अशी, की वाटावं ओढताना कुणीतरी कोपराला धक्के देत होतं. मी म्हणालो, फोडून टाका. साखरबाईंनी ते मांडले आणि तासाभरात संपले. एक गृहस्थ कप छातीशी धरून रडत उभे होते. त्यांना म्हणे त्यांचे वडील आठवले.

दुसऱ्या दिवशी साखरबाई माझ्या पलंगाच्या कठड्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काका, सातची गोळी अकराला घेतली तर चालेल का? डॉक्टरांना विचारलंय मी. चार तासांनी काही बिघडत नाही." चिठ्ठीवर एक ओळ वाढली, 'रेघेतली थरथर खरी आहे.' मी हो म्हणालो. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. माझं काम लोक रांग लावून नेत होते, आणि हावरटपणा म्हण, मला ते हवं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ते चार तास कसे जातात ते तुला नीट सांगतो, कारण तुला ते माहीत असायला हवं. शर्टाची बटणं दुसरा माणूस लावतो. चहा तोटीच्या भांड्यातून, लहान मुलांना देतात तसल्या. नुसता हात कापत नाही, पाय जमिनीला चिकटतात. दारापर्यंत जायचं ठरवलं तरी पाऊल उचलत नाही, आणि मागून येणारा म्हणतो, चला आजोबा, चला. आपण काहीतरी बोलतो आणि समोरचा आपल्या ओठांकडे बघत राहतो, कारण आवाज बाहेर आलेलाच नसतो. असं नऊ ते अकरा टेबलाशी बसायचं. बघायला माणसं येतात, शाळेतली मुलं येतात, मोबाइलवर माझ्या हाताचं चित्रण करतात. फक्त हाताचं. चेहरा कुणालाच नको असतो, त्यामुळे चेहऱ्यावर काय चाललंय ते कुणी बघत नाही.

महिन्यापूर्वी अशीच पंधरावीस माणसं भोवती असताना मला लघवीला लागलं. उठायचं ठरवलं, पाय ऐकेनात. घंटीचं बटण खोलीत, उशाशी. तोंड उघडलं तर आवाज फुटेना, आणि सगळे माझ्या हाताकडे बघत होते. व्हायचं ते झालं. मग मी ब्रश धुवायच्या पाण्याचं भांडं कोपराने मांडीवर पाडलं, म्हणजे सगळंच ओलं. साखरबाई म्हणाल्या, असू द्या काका, हात आहे, थरथरणारच. लोक हळहळले. त्यातल्या तिघांनी जादा कप घेतले.

त्या दुपारी मी सांगितलं की माझी सातची गोळी मला परत द्या. साखरबाई नाही म्हणाल्या नाहीत, त्या कधीच नाही म्हणत नाहीत. तुम्हीच एकदा तिसऱ्या मजल्यावर सांगून या, म्हणाल्या. मी कठडा धरून धरून वर गेलो. तिथे एक निवृत्त मास्तरीणबाई आहेत, सगळा मजला त्यांच्या शब्दाबाहेर नाही. मला वाटलं शिकलेली बाई आहे, समजून घेईल. त्यांनी भांड्याच्या गोष्टीसकट माझं सगळं ऐकून घेतलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही रोज चार तास थरथरता. आम्ही तेरा महिने इथे वर बसलोय. गणित करून बघा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याची बायको तळमजल्यावर अंथरुणाला खिळली आहे. नवरा-बायको एकाच इमारतीत राहून फोनवर बोलतात. त्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. मला त्याची कीव यायला हवी होती. मला वाटलं, याचे हात किती स्थिर आहेत. मी जिना उतरून खाली आलो. बातमी माझ्याआधी खाली पोचली होती, आणि जेवणाच्या टेबलावर माझ्या शेजारची खुर्ची त्या दिवसापासून रिकामी असते.

साखरबाईंनी मग दुसरा उपाय सुचवला. एका शाळेची मोठी मागणी त्यांनी घेऊन ठेवली आहे, प्रत्येक मुलाच्या नावाचा एक कप. ती पुरी करायला दुसरं कुणी मिळालं तर माझी सुटका. आता इथे हात कापणारे पोत्याने आहेत, पण त्यांना अक्षर येत नाही, नुसते डाग पडतात. अक्षरही यावं आणि हातही कापावा, असा माणूस कुठून आणायचा, असं त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या.

थोडं मागचं सांगतो, म्हणजे तुला पुढचं कळेल. आपल्या शेवटच्या दोन वर्षांत माझी वरची रेघ वाकायला लागली होती, आणि तरीही एकसुद्धा बोर्ड परत आला नाही. मला वाटायचं, नशीब. एकदा जेवायला गेलो आणि चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेतून परतलो. समोरच्या औषधाच्या दुकानाच्या काचेत मला तू दिसलास. माझ्या शिडीवर, माझा ब्रश घेऊन, माझी रेघ सरळ करत होतास. काय सफाईने करत होतास. चेहऱ्यांऐवजी तू अक्षरं धरली असतीस तर माझं पोट भरलं नसतं. काम संपवून तू ब्रश होता तसाच ठेवलास आणि शीळ घालत आपल्या शिडीवर गेलास. दोन वर्षं तू जेवणाची सुट्टी माझ्यासाठी घालवत होतास आणि कुणाजवळ एका शब्दाने बोलला नाहीस. मी तुझे पाय धरायला हवे होते. मला तुझा इतका राग आला की त्याच आठवड्यात गिऱ्हाइकासमोर म्हणालो, याचे चेहरे सोललेल्या बटाट्यासारखे असतात, आणि भागीदारी मोडली. तुला आजवर वाटत असेल की भांडण बटाट्यावरून झालं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं आहे माझं. नऊ वर्षं लागली हे लिहायला.

आणि वहिनी गेल्या त्या दिवशीचं. तू उजवा हात खिशात घालून बसला होतास. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा तो बाहेर काढावा लागला, आणि निम्मं पाणी तुझ्या सदऱ्यावर सांडलं. लोकांना वाटलं दुःखाने. तू माझ्याकडे बघितलंस, मी भिंतीकडे बघितलं. फाटकापर्यंत सोडायला आलास तेव्हा एवढंच म्हणालास, "मुलाला कळू देऊ नकोस. लगेच कुठेतरी नेऊन टाकेल." मी तुला शब्द दिला होता.

साखरबाईंना मी तुझं नाव दिलं. हात, अक्षर, पत्ता, सगळं सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी तुझ्या मुलाला फोन केला. त्याला आधी वाईट वाटलं आणि मग सुटल्यासारखं वाटलं, असं त्या म्हणाल्या, आणि तुला इथे ठेवायच्या कागदांवर सह्या झाल्या. तुला पंधरा दिवस हवापालट म्हणून सांगितलं असेल. पंधरा दिवस नाहीत ते. तुला अजून कुठलीच गोळी सुरू नाही, हे इथे फार सोयीचं वाटतं. शाळेचे कप झाले की डॉक्टरांना दाखवू, म्हणतात. मला लाज वाटते का? वाटते. पहाटे जास्त वाटते, सातनंतर कमी. परवापासून मला माझी गोळी वेळेवर मिळते आहे. हे पत्र मी साडेआठला लिहायला बसलो आणि त्यात एकही ओळ वाकलेली नाही, हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं, तुझ्या मात्र पहिल्या ओळीलाच आलं असेल. पोस्टात टाकलं असतं तर ते वेळेत पोचलं असतं आणि तू घरातून हलला नसतास, म्हणून तुला आणायला निघालेल्या इथल्या गाडीच्या ड्रायव्हरजवळ देतोय. गाडी तुमची गल्ली सोडून मोठ्या रस्त्याला लागली की मगच द्यायचं, असं त्याला बजावलं आहे. आता वाटेल तेवढं खिडकीबाहेर बघ. रिकामी खोली तिसऱ्या मजल्यावरच होती, म्हणून टेबलही वर नेलं आहे. तुझे ब्रश मी स्वतः धुऊन ठेवले आहेत. जिना सावकाश चढ, एकदाच चढायचा आहे.

तुझाच,
फुटपट्टी