एकोणचाळीस किलोची रेश्मा

९ नोव्हेंबर, रविवार. मिरजगाव, सकाळी सहा.
नवी वही. आधी घरच्यांच्या तब्येती. आमच्या लंकाबाईचे गुडघे बरे, तोंड त्याहून बरं. मुलगा कल्याण, त्याची कंबर टेम्पो चालवून धरली आहे, तरी रेश्माच्या कुस्त्यांचे व्हिडिओ मोबाईलवर टाकत असतो. सूनबाई जयमाला ठणठणीत. नात रेश्मा, वय तेरा, तब्येत फार चांगली, आणि हीच अडचण. काट्यावर एक्केचाळीस किलो दोनशे भरली. माझी तब्येत उत्तम. छातीत थोडं धडधडतं. घाबरलो वगैरे नाही.
तेवीस तारखेला कर्जतला मुलींच्या कुस्त्या. भिमाजी वस्ताद म्हणाले, आबा, बेचाळीसच्या गटात खेळवा, पोरगी अंगानं भरलीया. पण त्या गटात शेवगावची एक मुलगी आहे. तिचा व्हिडिओ मोबाईलवर पाहिला. समोरचीला तिनं असं उचललं की मी मोबाईल पालथा घातला.
ठरलं. रेश्मा एकोणचाळीसमध्ये खेळणार. सव्वादोन किलो उतरवायचे. चौतीस वर्षं बाजार समितीत मापाडी होतो. कांदा वाळला की गोणीत किती तूट येते, हे मला कोणी शिकवू नये.

१० नोव्हेंबर
भाकरी अर्धी. भात बंद. गोड बंद. रेश्मा म्हणाली, आबा, मग हाय काय? म्हटलं, जिद्द हाय. तिनं अर्धी भाकरी चार घासांत संपवली. समजूतदार पोर.

१२ नोव्हेंबर
एक्केचाळीस तीनशे. शंभर ग्रॅम वाढले! मापं ठेवून काटा तपासला. काट्यात खोट नाही. घरात आहे. लंकाबाईनं कबूल केलं. शेंगदाण्याचे लाडू. एक नाही, तीन. वर मलाच म्हणते, पोरगी हाय का कांद्याची गोनी? मी म्हटलं, तुला कुस्तीतलं कळत न्हाई. म्हणाली, तुमाला तरी कुठं कळतं? जत्रंत एकदाच लढला, ते बी रेवड्यांवर, आन् ते बी पडला.
तो निकाल वादग्रस्त होता. इथे नोंद असावी.
लाडवाचा डबा माझ्या खाटेखाली ठेवला. सुरक्षिततेसाठी.

१५ नोव्हेंबर
चाळीस सहाशे. दोन स्वेटर, वर कल्याणचा रेनकोट घालून रेश्मा भर उन्हात हायवेपर्यंत पळाली. मी मागून गाडीवर, हॉर्न वाजवत. पानटपरीवरून कोणीतरी ओरडलं, आबा, पाऊस कुठं हाय? लोकांना सायन्स कळत नाही. मोबाईलवरचा गोरा पैलवान असंच करतो.
उद्यापासून पाणी मोजून.
रेश्मा आठवडाभर हसलेली नाही. एकाग्रता वाढली आहे.
डबा रिकामा झाला. उंदीर असावेत.

१८ नोव्हेंबर
चाळीस शंभर. जयमाला दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, आबा, पोरीचे ओठ फुटलेत. शाळंतून मॅडमचा फोन आल्ता, वर्गात झोपती म्हणं. मी म्हटलं, खेळाडूला विश्रांती लागतेच. ती कल्याणकडे गेली. तो म्हणाला, आबांना ईचार. घरात सगळ्यांचा माझ्यावर विश्वास आहे.
वजन करताना रेश्माचा हात धरला. गार लागला. नोव्हेंबर आहे. गार लागणारच. तरी दोनदा धरून पाहिला.

२१ नोव्हेंबर
एकोणचाळीस चारशे. दिवसाला एक तांब्या पाणी, तेही घोट घोट. आज मोरीत फार वेळ लागला म्हणून दाराशी गेलो. आत नळ चालू. पिण्याचा आवाज येत होता. घाईघाईनं, वासरू पितं तसा.
दार वाजवायला हात उचलला आणि खाली घेतला. मला अलीकडे कमी ऐकू येतं, असं लिहून ठेवतो.

२३ नोव्हेंबर. सकाळी साडेसात, कर्जत.
अडतीस किलो नऊशे!!! जमलं! मापाडी तो मापा

दुपारी. दवाखान्यातला बाक.
वरची ओळ अर्धीच राहिली. काट्यावरून उतरताना रेश्मा खाली बसली. बसली नाही, पडली. मी हाका मारत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती, पण मला बघत नव्हती.
सलाईन लावलं आहे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हिच्या अंगात पाणीच नाही, किती दिवस चाललंय हे? वहीत शंभर ग्रॅमपर्यंत हिशेब आहे. मी वही पिशवीत सरकवली. जयमाला माझ्याकडे न बघता म्हणाली, पंधरा दिवस.
शेजारच्या खाटेवर आणखी एक पोरगी, तिलाही सलाईन. चेहरा ओळखीचा. व्हिडिओतली शेवगावची! तिचा बाप बाहेर माझ्याच बाकावर. म्हणाला, एकोणचाळीसमध्ये उतरवली हुती. मी विचारलं, का हो? म्हणाला, बेचाळीसमध्ये मिरजगावची एक हाय, तिच्या बापानं व्हिडिओ टाकलाय, बघून लई भ्या वाटलं.
मिरजगाव कोणाचं, ते मी सांगितलं नाही.
आतून हसण्याचा आवाज आला. रेश्माचा. आम्ही दोघं दारातून डोकावलो, तशा दोघी गप्प झाल्या.

३० नोव्हेंबर
जयमाला रेश्माला घेऊन कोपरगावला माहेरी गेली. फोन जयमाला उचलते. रेश्मा बाहेर गेली आहे म्हणते. सकाळी सातलाही बाहेर, रात्री नऊलाही बाहेर.
वस्ताद येऊन गेले. म्हणाले, आबा, त्या दिवशी बेचाळीसच्या गटात येक बी पोरगी न्हवती. पोटभर जेवून नुसती हुबी ऱ्हायली असती, तरी पैली आली असती. लंकाबाई काहीच बोलली नाही. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.
पत्र पाठवतो. त्याचा मजकूर:
चि. रेश्मास आबांचा आशीर्वाद. बाळा, भात खातेस ना? पाणी पितेस ना? वजन विचारत नाही. मोरीच्या दाराशी मी होतो. सगळं ऐकू आलं होतं. कुस्ती खेळायची की नाही, ते तू ठरव. मी काही काळजीत नाही. इकडे पोस्टमन साडेअकराला येतो, मी अकरापासून ओट्यावर असतो. ऊन खायला. मला चार शिव्या घातल्यास तरी चालेल, पण लवकर लिही.