मदरची किडनी आणि डॉक्टरचा उद्धटपणा

सोमवार, ४ मार्च. सकाळी १०.४०
माझ्या अपमानाची हीच ती वेळ. लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल. प्राण्यांच्या डॉक्टरने रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि म्हणाला, आजी, हिच्या किडन्या गेल्यात. सतरा वर्षं म्हणजे भरपूर झालं. आता नुसते लाड करा.
आजी! आणि तेही माझ्या नणंदेसमोर. टॅक्सीत ती म्हणाली, वहिनी, खरं आहे हो त्यांचं.
मदर सुपीरियर बास्केटमधून सगळं ऐकत होती. माझी मांजर. अंगाने काळी, गळ्याशी पांढरी, चेहऱ्यावर आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या मुख्य ननचा, मदरचा, तोच नाराज भाव.
निश्चय: मदर आणखी पाच वर्षं जगणार. मग तिला या डॉक्टरपुढे बसवून म्हणेन, हं, बोला आता, आजोबा!

बुधवार, ६ मार्च
मदर आज तीन वाट्या पाणी प्यायली. मरणारं जनावर असं पाणी पितं? फोन करून डॉक्टरला ठणकावलं. तो म्हणे, किडनी गेली की तहान अशीच वाढते. बरं आहे यांचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शनिवार, ९ मार्च
किडनीचं खास खाणं आणलं. मदरने हुंगलं आणि घाण झाकावी तशी फरशी उकरली. मी चमचाभर चाखलं. मदरचं बरोबर आहे.
मग चिकन शिजवलं. तिने एकदा चाटलं. उरलेलं मी संपवलं. अन्न टाकवत नाही. रोज असंच चाललंय.

मंगळवार, १२ मार्च
आजपासून सलाईन घरीच. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची आणि तिच्याखाली सुई घालायची. नणंद वरच्या मजल्यावरून न बोलावता आली. म्हणाली, वहिनी, मी टोचते, तुमचे हात थरथरतायत. थरथरत होती मदर. शाळेत भरतकामात माझा पहिला नंबर असे. माझा टेबलक्लॉथ सिस्टरने बिशपना भेट दिला होता.
सुई एका झटक्यात गेली. बाटली निम्मी झाली. मदरने हूं की चूं केलं नाही. नणंदेचं तोंड बघण्यासारखं होतं.
ता.क. सुई कातडीतून आरपार गेली होती. सलाईन सगळं माझ्या मांडीवर. हल्ली सुया नको इतक्या लांब काढतात.

गुरुवार, १४ मार्च
नणंदेला टोचू दिलं. नीट गेलं. अर्थात मदरला मी धरलं होतं. खरं कौशल्य धरण्यातच असतं.

रविवार, १७ मार्च
विजय! मदरला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं. डॉक्टरकडच्या वजनापेक्षा आठशे ग्रॅम वाढ! नणंदेला मुद्दाम वरून बोलावून आकडा दाखवला. तिने विचारलं, वहिनी, तुमचं वजन कधी केलं होतंत? मागच्या वर्षी. पाठ आहे मला. तिने मला एकटीला पुन्हा काट्यावर चढवलं.
वाढ माझी होती. मदर अर्धा किलो उतरली आहे. हे इतक्या मोठ्याने सांगायची गरज नव्हती. या नणंदेला मी सोडणार नाही.

बुधवार, २० मार्च
मदर सकाळपासून बेसिनखाली बसून आहे. गारवा घेत असेल. चिकन नको, दूध नको. आज पाणीही प्यायली नाही. म्हणजे डॉक्टरच्याच हिशेबाने किडनी सुधारली.
त्याला कळवलं. तो म्हणाला, शुक्रवारी संध्याकाळी घेऊन या. कशाला, ते मी विचारलं नाही.
नणंद बाथरूमच्या फरशीवर बसून मदरच्या पाठीवरून हात फिरवत होती. काही बोलली नाही. हीच तिची खोड. हवा तेव्हा टोमणा मारायचा नाही.

गुरुवार, २१ मार्च. सकाळी
डॉक्टरला द्यायचा मजकूर:
महोदय, जुन्या अपमानाचं नंतर बघू. तूर्त पुढील खुलासा करावा. मदरला अनोळखी हात चालत नाहीत, तर शुक्रवारी त्या इंजेक्शनच्या वेळी मी धरलं तर चालेल का? दुखेल का? आणि मी धरून आहे, हे तिला शेवटपर्यंत कळेल ना?
फोन करू नये. फोनवर मला बोलता येणार नाही. उत्तर लेखी हवं, आज संध्याकाळी पाचच्या आत. नणंदबाई घ्यायला येतील.