देवीला हात फुटले त्याची हकिगत

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घालतो, खाली दगडाची भुकटी आहे). मामीचा गुडघा काय म्हणतो? दगडाचा असता तर मीच नवा बसवून दिला असता.

तुमचा हुकूम पोचला. मुलीच्या वडिलांना तिकिटांच्या वहीपुढे जग दिसत नाही, तेव्हा इथं निघालेली प्राचीन मूर्तींची चार तिकिटं धाड, मग मी लग्नाचा विषय काढतो, असं तुम्ही लिहिलंत. अर्धी रजा टाकून पोस्टाच्या रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "शेवटचाच संच, नशीबवान आहात." (माझ्या नशिबाचं नाव कुणी काढलं की मला घाम फुटतो.)

तिकिटं देखणी, पण मामा, पंखवाला सिंह सोडला तर एक मूर्ती धड नाही! नागाशी झुंजणाऱ्या वीराला नाक नाही, माणसाच्या तोंडाच्या बैलाचं शिंग गेलेलं, समुद्रातून वर येणाऱ्या देवीचे दोन्ही हात गायब. आता माझं कामच मोडक्या मूर्तींना नाकं-बोटं बसवायचं. तुटलेलं समोर आलं की तसंच पुढे सरकवायचं नाही, हे मिस्त्रींनी पहिल्या दिवशीच बजावलंय. जेवणाच्या सुट्टीत तिकिटं समोर, खिशात बारीक टोकाचं पेन. हात कधी चालू लागला कळलंच नाही. वीराला नाक दिलं (तुमचंच, वळण चांगलं आहे), बैलाला शिंग, देवीला नखांसकट हात. मिस्त्री मागून म्हणाले, "गाढवा, काम सुबक आहे, पण डाव्या खांद्याला उजवा हात बसवलास!" तेव्हा कुठे मला आठवलं की हा दगड नव्हे, माझं लग्न आहे.

दुरुस्त तिन्ही सोबत पाठवतोय. मुलीच्या वडिलांना सांगा, असा जावई घरात काही मोडकं राहू देणार नाही. कोरा सिंह मात्र माझ्याजवळच ठेवतो. तो हुकमाचा पत्ता, स्वतः येऊन त्यांच्या हातात देईन.

तुमचा भाचा

ता. क. खरं सांगू? वडिलांच्या आधी तिकिटं तिला दाखवा. देवीचा हात बघून ती हसली तरच विषय काढा.

ता. क. दुसरा, पाकिटाच्या पाठीवर : टपालपेटी उघडायची वेळ झाली आणि साधं तिकीट आणायचंच राहिलं. सिंह पुढच्या बाजूला चिकटवलाय. शिक्का नेमका त्याच्या तोंडावर बसला असेल तर तुम्ही खाडाखोड करू नका. पुढच्या महिन्यात रजा आहे, मी पेन घेऊन येतोच.