काविळीची माळ आणि उपप्राचार्य

कांदिवली,
११ फेब्रुवारी १९८६

तीर्थस्वरूप दत्ताराममामांस,

अनंताचा साष्टांग नमस्कार. (आडवा पडूनच लिहितोय, त्यामुळे नमस्कारात काही खोट नाही.) मामीचा गुडघा कसा आहे? तुमच्या डॉक्टरांकडे गर्दी असेल तर आनंद आहे, म्हणजे तुमच्यासाठी आणि डॉक्टरांसाठी; पेशंटांचं देव बघेल.

इकडे माझी पार वाट लागली होती. ऐन टर्ममध्ये कावीळ झाली, तीही कॉलेजसमोरच्या गाडीवरचा बर्फाचा गोळा खाऊन (आईला मी नळाचं पाणी सांगितलंय). तुमच्या बहिणीचं तुम्हाला ठाऊकच आहे. काविळीवर डॉक्टर काय करतलो, असं म्हणून तिने मला थेट वाकोल्याच्या अंजनाबाईंपुढे बसवलं. बाईंनी काटक्यांची माळ माझ्या डोक्यावर ठेवली. ही माळ म्हणे रोज वाढते आणि घसरत घसरत पायाशी आली की कावीळ उतरली. तीन आठवडे मी उकडलेला दुधी खात माळ कुठवर आली ते बघत बसलो. शेजारच्या विमलाकाकू रोज येऊन माझ्या पापण्या ओढून बघायच्या, मान हलवायच्या आणि चहा पिऊन जायच्या. शेवटी माळ उतरली आणि मी उठलो.

कॉलेजात गेलो तर हजेरी कमी, परीक्षेचा फॉर्म मिळणार नाही. वर्ष बुडलं की बाबा (गिरणी सुटल्यापासून भांडुपच्या एका गोडाऊनात आहेत) मला तिथेच चिकटवणार, हे ठरलंय. त्या विचाराने रडू येतं, मामा, खरं सांगतो. उपप्राचार्यांनी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागितलं. माझ्याकडे माळ होती, ती टेबलावर ठेवली. त्यांनी ती फूटपट्टीने उचलून शिपायाकडे दिली. वर म्हणाले, यंदा तुझ्या वर्गात अकरा जणांना कावीळ झाली आणि अकराही जण मॅटिनीला दिसले. त्या गाढवांकडे सर्टिफिकेटं आहेत, आणि एकटा खरा पिवळा झालेला मी, तर माझ्याकडे काटक्या.

बाकी इकडे सगळे बरे आहेत. मामीला नमस्कार.

तुमचा भाचा,
अनंता

ता. क. : तुम्ही कंपाउंडर आहात त्या डॉक्टरांकडून एक सर्टिफिकेट पाठवा. कावीळ नको, तिच्यावर इथे कोणी विश्वास ठेवत नाही. टायफॉइड लिहा. तुमच्याकडे गावी येऊन आजारी पडलो असं सांगतो, आणि माळेचं तापात बरळलो म्हणेन.

ता. क. २ : एक घोळ आहे. मी आजारी म्हणून मित्राला, जयवंताला, दया आली आणि त्याने दर मंगळवारी, शुक्रवारी माझ्या नावाला ‘येस सर’ म्हटलंय. रजिस्टरात तसंच लागलंय. पेशंट तापातसुद्धा आठवड्यातून दोनदा एसटीने कॉलेजला जाऊन यायचा, एवढं लिहायला डॉक्टर तयार होतील का, ते त्यांचा मूड बघून विचारा.